कोरी सीडी-डीव्हीडी कशी निवडावी आणि लिहिलेली डिस्क बिनचूक आहे का हे कसे तपासावे?

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात डिस्कांचा एक गठ्ठा असतोच. निकाह आणि वलीम्याचे शूटिंग, लहानग्यांचे फोटो, घर-जमिनीच्या जुन्या कागदांचे स्कॅन. काही घरांत तर नोकरीसाठी आखातात गेलेल्या अब्बांनी कॅसेटमध्ये भरून पाठवलेला आवाज असतो, जो नंतर कुणीतरी सीडीवर उतरवून घेतला. मूळ कॅसेट कधीच फेकली गेलेली असते. म्हणजे ती एक डिस्क हीच शेवटची अमानत.

अशा गोष्टी नव्या डिस्कवर उतरवून ठेवायच्या म्हटले की दोन प्रश्न येतात. दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कांपैकी कोणती भरवशाची? आणि लिहून झाल्यावर ती ठीक आहे याची तसल्ली कशी करायची? बरेच जण डिस्क प्लेअरमध्ये घालतात, दोन मिनिटे बघतात, "चालते ना, मग झाले" म्हणून ठेवून देतात. इथेच गफलत होते. चालणारी डिस्क निरोगी असेलच असे नाही. असे का, ते आधी समजून घेऊ.

डिस्कमध्ये असते तरी काय?

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही डिस्का १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या असतात. मुख्य अंग पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे. बाजारात मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर कारखान्यातच साच्याने बारीक खड्डे उठवलेले असतात. आपण घरी लिहितो त्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आरमध्ये मात्र एका रासायनिक रंगाचा पातळ थर असतो. त्याला डाय म्हणतात. ड्राइव्हमधला लेसर हा थर ठिकठिकाणी तापवून त्यावर खुणा करतो. डायच्या मागे चांदी किंवा सोन्याचा चकाकता थर असतो. वाचताना लेसर त्यावरून परत येतो आणि खूण आहे की नाही ते ओळखतो.

हा डाय सेंद्रिय असतो. पडद्याचा रंग जसा उन्हाने विटतो, तसाच तोही ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू बिघडतो. चकाकत्या थरापर्यंत हवा-पाणी पोचले तर तो काळवंडतो. कारखान्याने थर सारखा पसरला नसेल किंवा कडा नीट बंद केली नसेल, तर हे लवकर घडते. म्हणून स्वस्त आणि चांगल्या डिस्कमधला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, पाच-सात वर्षांनी दिसतो.

सीडीत हा थर लेबलच्या बाजूला, अगदी वरच्या लाखेखाली असतो. त्यामुळे सीडीला वरच्या बाजूने पडलेला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, थर त्यांच्या मधोमध. तिथे भीती असते ती कडेने चकत्या सुटण्याची.

चालणारी डिस्क आजारी कशी?

शाळेचे निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ओळीत एका विद्यार्थ्याचे गुण, शेवटी ओळीची बेरीज. खाली प्रत्येक विषयाच्या रकान्याची बेरीज. एखादा आकडा शाईने पुसला गेला तरी बेरजांवरून तो शोधून काढता येतो. एका ओळीत चार आकडे पुसले गेले तर ओळीच्या बेरजेने भागत नाही, मग रकान्याच्या बेरजा कामी येतात. तेही संपले की मात्र गुण गेले ते गेलेच.

डीव्हीडीत जवळपास हेच होते, फक्त साध्या बेरजेऐवजी जास्त हुशार गणित वापरलेले असते. माहिती २०८ ओळी आणि १८२ रकान्यांच्या चौकटीत मांडतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी १० आकडे आणि खाली १६ जादा ओळी केवळ चुका दुरुस्त करण्यासाठी असतात. एका ओळीत पाचपर्यंत चुका असतील तर ओळीच्या पातळीवरच त्या सुधारतात. जास्त असतील तर रकाने मदतीला येतात. सीडीतही दोन टप्प्यांची दुरुस्ती असते आणि ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग बिघाडसुद्धा भरून काढते.

म्हणजे प्रत्येक डिस्कवर, अगदी नव्याकोऱ्या डिस्कवरही, चुका असतातच. ड्राइव्ह त्या गुपचूप दुरुस्त करतो आणि आपल्याला चित्र स्वच्छ दिसते. डिस्क म्हातारी होते तशा चुका वाढत जातात, तरी चित्र स्वच्छच! आणि ज्या दिवशी चुका दुरुस्तीच्या ताकदीपलीकडे जातात, त्या दिवशी अचानक व्हिडीओ अडकतो, फाइल उघडत नाही. डिस्क एका रात्रीत बिघडली असे आपल्याला वाटते. खरे तर ती वर्षानुवर्षे बिघडत होती, आपण मोजत नव्हतो.

डब्यावरचे नाव आणि खरा कारखाना

कोऱ्या डिस्कांच्या धंद्यातली एक गोष्ट ग्राहकाला सहसा माहीत नसते. डब्यावर ज्या कंपनीचे नाव असते तिने डिस्क बनवलेली असेलच असे नाही. अनेक नामांकित ब्रँड तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्स किंवा रायटेकसारख्या मोठ्या कारखान्यांकडून माल घेऊन आपले नाव छापत आले. आज घेतलेला डबा एका कारखान्याचा, तर त्याच नावाचा पुढच्या महिन्यातला डबा दुसऱ्याच कारखान्याचा असू शकतो.

जपानची तायो युदेन ही कंपनी सीडी-आर तयार करणाऱ्यांत अग्रणी आणि दर्जासाठी नावाजलेली होती. तिने २०१५ अखेर डिस्क बनवणे थांबवले. व्हर्बाटिम हा ब्रँड पूर्वी मित्सुबिशी केमिकलकडे होता, २०१९ मध्ये तो सीएमसीने घेतला. आपल्या देशातली मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत होती, नोएडात तिचे कारखाने होते. कर्जाच्या ओझ्याने ती २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. पॅनासोनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्का बनवणे बंद केले.

या घडामोडी सांगण्याचे कारण असे, की आज एखाद्या दुकानात मोझर बेअरचा किंवा 'मेड इन जपान' लिहिलेला तायो युदेनचा डबा दिसला तर तो जुना साठा असण्याची शक्यता जास्त. कोरी डिस्कही म्हातारी होते. न लिहिलेल्या सीडी-आर, डीव्हीडी-आरचे आयुष्य सावधपणे ५ ते १० वर्षे धरतात. गोदामातल्या उष्णतेत तर त्याहून कमी. म्हणून नुसते नाव बघून खूश होऊ नका.

खरा कारखाना ओळखायचा एक मार्ग आहे. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्याचा संकेत आधीच कोरलेला असतो. संगणकात इम्गबर्न हा मोफत प्रोग्राम उघडून कोरी डिस्क आत घातली की उजव्या बाजूला तो संकेत दिसतो. 'एमसीसी' ने सुरू होणारा संकेत मित्सुबिशी केमिकलच्या डायचा, 'सीएमसी मॅग' म्हणजे सीएमसी, 'रायटेक' म्हणजे रायटेक, 'एमबीआय' म्हणजे मोझर बेअर, 'टीवायजी' किंवा 'युदेन' म्हणजे तायो युदेन. सीडी-आरवर हा संकेत वेळेच्या आकड्यांत असतो. उदाहरणार्थ, तायो युदेनसाठी ९७ मिनिटे, २४ सेकंद, ०१ फ्रेम. मात्र नकली मालावर नामांकित संकेतही कोरलेले सापडले आहेत. त्यामुळे संकेत हा पुरावा नाही, एक खूण आहे. अंतिम पुरावा तपासणीचाच.

कोणता प्रकार घ्यावा?

आवाज आणि थोड्या कागदपत्रांसाठी सीडी-आर पुरते. तिच्यात ७०० एमबी किंवा ८० मिनिटांचा आवाज मावतो. फोटो आणि व्हिडीओसाठी डीव्हीडी. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, पण संगणक ती सुमारे ४.३८ जीबी दाखवतो. ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

'आरडब्ल्यू' लिहिलेली, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी डिस्क, कायमच्या साठवणीसाठी घेऊ नका. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडीही टाळलेली बरी, कारण थर बदलण्याच्या जागी चुका जास्त येतात. दोन साध्या डीव्हीडी जास्त भरवशाच्या.

ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर २५ जीबीची बीडी-आर चांगला पर्याय आहे. साध्या बीडी-आरमध्ये सेंद्रिय डायऐवजी धातूसारख्या अजैव पदार्थांचा थर असतो. पण डब्यावर 'एलटीएच' अशी अक्षरे असतील तर आत सेंद्रिय डाय आहे असे समजा आणि तो डबा ठेवून द्या.

एम-डिस्क नावाचा प्रकार खास दीर्घ साठवणीसाठी आहे. तिचा थरही अजैव असतो. हजार वर्षे टिकते हा कंपनीचा दावा आहे, तो दावा म्हणूनच घ्यावा. डीव्हीडी प्रकारची एम-डिस्क लिहायला तसा उल्लेख असलेलाच ड्राइव्ह लागतो, वाचायला साधाही चालतो.

दुकानात काय बघावे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की आपल्या तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात, हे मुद्दे लक्षात ठेवा.

१. डबा सीलबंद हवा. सुट्या, पिशवीत भरलेल्या डिस्का घेऊ नका.
२. डब्यावर आयातदाराचे नाव आणि महिना-वर्ष छापलेले असते, ते वाचा. जितका ताजा तितका बरा.
३. उन्हात, काचेच्या कपाटात ठेवलेला डबा नको. आतल्या बाजूचा मागा.
४. पहिल्यांदा छोटा डबा घ्या. तपासून चांगला निघाला तर त्याच दुकानातून त्याच लॉटचा आणखी घ्या.
५. घरी आल्यावर डिस्क खालून बघा. रंग मध्यापासून कडेपर्यंत सारखा हवा. डाग, ढगाळपणा, बुडबुडे, कडेला डाय ओघळल्यासारखा दिसला तर ती बाजूला काढा. सीडी-आर दिव्यासमोर धरली की सुईच्या टोकाएवढी भोकेही दिसतात.

लिहिताना घ्यायची काळजी

१६ एक्स लिहिलेली डीव्हीडी ८ एक्सवर आणि ५२ एक्सची सीडी १६ ते २४ एक्सवर लिहावी. जितके हळू तितके चांगले असा एक समज आहे, तो पूर्ण खरा नाही. आजच्या डिस्कचा डाय वेगासाठीच बनवलेला असतो, फार हळू लिहिल्यावर उलट चुका वाढू शकतात. मधला वेग हा चांगला नियम.

डिस्क गच्च भरू नका. लिहिणे आतून बाहेर जाते आणि सर्वांत कमजोर भाग बाहेरच्या कडेचा असतो. डीव्हीडीवर ४ जीबीच्या आसपास थांबा. सगळे एकदम लिहा आणि डिस्क बंद करा, म्हणजे प्रोग्राममध्ये 'फायनलाइझ' किंवा 'क्लोज डिस्क' निवडा. थोडे आज, थोडे उद्या असे करू नका. लिहिणे चालू असताना संगणकावर दुसरे काम नको आणि वीज जाण्याची वेळ टाळा.

तपासणी: चार पायऱ्या

पहिली पायरी, पडताळणी. इम्गबर्नमध्ये लिहिण्याआधी 'व्हेरिफाय' वर खूण करा. लिहून झाल्यावर प्रोग्राम डिस्क पूर्ण वाचतो आणि मूळ माहितीशी ताडून बघतो. वेळ दुप्पट लागतो, पण ही पायरी कधीही वगळू नका. तरीही एवढ्याने काम संपत नाही. माहिती बरोबर वाचली गेली एवढेच यातून कळते, त्यासाठी किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या ते कळत नाही.

दुसरी पायरी, दुसरा ड्राइव्ह. ज्याने लिहिले तो ड्राइव्ह आपलेच अक्षर वाचतो. डिस्क शेजाऱ्यांच्या संगणकावर किंवा वेगळ्या प्लेअरवर चालवून बघा, विशेषतः शेवटचा भाग.

तिसरी पायरी, वेगाचा आलेख. नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल या प्रोग्राममध्ये वाचनवेगाची चाचणी असते. चांगल्या डिस्कची रेषा आतून बाहेर एकसारखी चढत जाते. मध्ये मध्ये दरीसारखी खाली पडली तर त्या जागी ड्राइव्हला परत परत वाचावे लागते आहे.

चौथी पायरी, चुकांची मोजणी. वरच्या दोन प्रोग्रामबरोबर क्यूपीएक्सटूल हा मोफत प्रोग्रामही हे करतो. मात्र सगळे ड्राइव्ह चुकांचे आकडे सांगत नाहीत, लॅपटॉपचे बरेचसे तर नाहीच. लाइट-ऑनचे अनेक डीव्हीडी ड्राइव्ह यासाठी प्रसिद्ध आहेत. मोहल्ल्यात किंवा शाळेच्या संगणक खोलीत असा एक ड्राइव्ह असला तरी अनेक घरांचे काम होते.

आकडे कसे वाचायचे?

सीडीसाठी दोन शब्द लक्षात ठेवा. 'सी-वन' म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या चुका. सेकंदाला ७,३५० गट वाचले जातात. त्यांत चुकीचे गट सरासरी २२० पर्यंत, म्हणजे सुमारे ३ टक्के, चालतील असे प्रमाण आहे. पण ती पास होण्याची किमान पातळी झाली. नवी चांगली डिस्क त्याच्या कितीतरी खाली असते. 'सी-टू' म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलेल्या चुका. नव्या डिस्कवर हा आकडा शून्यच हवा.

डीव्हीडीसाठी तीन शब्द. 'पीआय एरर' म्हणजे निदान एक चूक असलेल्या ओळी. लागोपाठच्या आठ चौकटींत, म्हणजे १,६६४ ओळींत, अशा २८० पर्यंत चालतात. 'पीआय फेल्युअर' म्हणजे ओळीच्या पातळीवर न सुधारलेल्या ओळी. एका चौकटीत ४ पर्यंत ठीक. 'पीओ फेल्युअर' म्हणजे रकान्यांनीही हात टेकले. हा आकडा शून्याच्या वर गेला तर तिथली माहिती गेली.

एकूण आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. सगळीकडे थोड्या चुका पसरलेल्या असतील तर फारसे बिघडत नाही. एकाच जागी उंच सुळका किंवा शेवटी कडेला चढत जाणारा डोंगर दिसला तर ती डिस्क बाद करा. डब्यातल्या तीन डिस्कांपैकी दोन अशा निघाल्या तर दोष डब्याचा, किंवा ड्राइव्हचा. दुसऱ्या ड्राइव्हवर लिहून बघितले की कळते.

आणि आलेखाचे चित्र जपून ठेवा. दरवर्षी एकदा, समजा रमजानच्या साफसफाईच्या वेळी, तीच डिस्क त्याच ड्राइव्हवर त्याच वेगाने परत तपासा. आकडे दुप्पट-तिप्पट झाले असतील तर डिस्क चालू असतानाच नवी प्रत काढा. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बिघाडाची खबर बिघाडाआधी मिळते.

ठेवावे कसे?

डिस्क कडेने आणि मधल्या भोकाने धरा. डबीत उभी ठेवा, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या वहीत दाबून नको. कागदी स्टिकर चिकटवू नका, त्याचा गोंद थर ओढतो आणि डिस्कचा तोल बिघडतो. बॉलपेनने अजिबात लिहू नका. पाण्यावर आधारित शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने, शक्यतो मधल्या पारदर्शक भागावर लिहा. पुसायची झाली तर मऊ कापडाने मध्यापासून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही.

जागा थंड, कोरडी आणि अंधारी हवी. टीव्हीच्या वर, पत्र्याखालच्या माळ्यावर, खिडकीजवळ नको. कोकणात पावसाळ्यात कपाटालाही बुरशी येते, तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला.

जुनी डिस्क अडकत असेल तर

टूथपेस्ट घासू नका. मऊ कापडाने पुसून दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न जमलेले दुसऱ्याला जमते. डीव्हीडिझास्टर नावाचा मोफत प्रोग्राम अडलेली जागा सोडून पुढचे वाचतो आणि नंतर, हवे तर दुसऱ्या ड्राइव्हवर, राहिलेले तुकडे भरून काढतो. जेवढे वाचले तेवढे आधी हार्ड डिस्कवर घ्या, मग पुढचे प्रयत्न करा.

शेवटी एक साधा हिशेब. कितीही चांगली असली तरी एकच डिस्क म्हणजे हिफाजत नव्हे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या घरात असावी. एक डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीकडे. डिस्कचा फायदा असा की एकदा लिहून बंद केली की तिच्यावरचे चुकून पुसले जात नाही, व्हायरसही तिच्यात शिरत नाही. उरलेली काळजी आपण वर्षातून एकदा, तासभर बसून घ्यायची आहे. घरातल्या नववी-दहावीच्या मुला-मुलींना हे काम शिकवा. आकडे वाचायला त्यांना मजा येईल, आणि आजी-आजोबांचा आवाजही त्यांच्या कानावर पडेल.